गुणसूत्रं जोडीदार कशी शोधतात, आणि हळदीच्या स्लाइडवर ते का दिसत नाही

मूळ प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मिरज तालुक्यातल्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने प्रोजेक्टसाठी घरच्याच रानातल्या सेलम हळदीच्या कळ्या घेतल्या. अर्धसूत्री विभाजनाच्या (परागकण बनण्याआधी गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या) आकृतीत असतात तशा नीट जोड्या तिला स्लाइडवर सापडत नाहीत. कुठे तीन गुणसूत्रं एकत्र, कुठे एखादं सुटं, आणि बऱ्याच पेशींत केंद्रकाच्या एका कडेला नुसता गडद लाल गोळा. ती दोन गोष्टी विचारते: 'माझं तंत्र चुकतंय का?' आणि 'समजात गुणसूत्रं परस्परांकडे आकर्षित होतात, एवढं एकच वाक्य पुस्तकात आहे, हे आकर्षण म्हणजे नक्की काय?' (समजात म्हणजे एकाच प्रकारची, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली गुणसूत्रं.)

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. तंत्र बहुधा ठीक आहे, झाड अवघड निवडलंय. दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. मी सांगलीत बरीच वर्षं सायटोलॉजीची, म्हणजे पेशीविज्ञानाची, प्रात्यक्षिकं घेतली, आणि 'आकर्षण' या शब्दावर अडणारे विद्यार्थी फार थोडे भेटले. बाकीचे तो पाठ करून पुढे जातात.

जोडी जमणं ही एक घटना नाही, ही सगळ्यात आधी लक्षात घ्यायची गोष्ट. त्यात तीन वेगळी कामं आहेत. आधी शोध, मग लांबीभर जुळणी, आणि शेवटी गाठ, म्हणजे दोन समजातांना एकमेकांत अडकवून ठेवणारी जागा, कायझ्मा. तिन्ही कामांची यंत्रणा वेगळी आहे, प्रथिनं बऱ्याच अंशी वेगळी आहेत, आणि झाडात यातलं नेमकं एखादंच काम बिघडू शकतं. त्यामुळे स्लाइडवर 'जोडी दिसत नाही' एवढं लिहून भागत नाही. तिन्हींपैकी काय झालं नाही, ते विचारायचं.

आता शोधाचं काम किती अवघड आहे बघा. कांद्याच्या एका संचात 8 गुणसूत्रं आणि साधारण 16 अब्ज बेस-जोड्या असतात. म्हणजे सरासरी एका गुणसूत्रात दोन अब्ज, आणि तेवढा डीएनए सरळ ताणला तर दोन फुटांहून लांब भरेल. अशी 16 गुणसूत्रं, तीही आधीच दुप्पट झालेली, एका केंद्रकात कोंबलेली असतात. लेप्टोटीनमध्ये, म्हणजे विभाजनाच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात (त्यानंतर झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन आणि पुढे मेटाफेज), पेशी पहिलं काम करते ते हा पसारा आवरण्याचं. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही भगिनी क्रोमॅटिड (दुप्पट झालेल्या गुणसूत्राच्या दोन प्रती) मिळून प्रथिनांचा एक सामाईक कणा तयार होतो आणि डीएनएचे फास त्या कण्यापासून बाहेर निघतात. आपल्याला कार्माइन या लाल रंगात जे बारीक धागे दिसतात ते हेच. आरईसी8 नावाचं कोहेसिन (भगिनी क्रोमॅटिडना एकत्र धरणारं प्रथिन) आणि एएसवाय1 ही या कण्यातली दोन प्रथिनं. या नावांवर फार वेळ घालवू नका, पण कणा आधी तयार होतो हे विसरू नका. तो नीट झाला नाही तर पुढचं काहीच धड होत नाही.

यानंतर गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, केंद्रकाच्या आवरणाला चिकटतात आणि सरकत सरकत एका भागात गोळा होतात. याला बुके अवस्था म्हणतात. दोऱ्यांचा गुंता सोडवताना आपण आधी सगळी टोकं एका मुठीत धरतो आणि मग हलवून बघतो, तसंच हे. हलवणंही खरोखर होतं. आवरणातली प्रथिनं आतल्या टेलोमिअरना बाहेरच्या पेशी-सांगाड्याशी जोडतात, आणि तिकडून ओढ बसली की गुणसूत्रं केंद्रकात हलतात. मक्याच्या जिवंत पेशींत ही हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली टिपलेली आहे. त्यामुळे टोकं टोकांजवळ येतात आणि शोधायची जागा आटते. चुकीच्या जागी अडकलेले धागे या हालचालीने सुटतही असावेत, असं बऱ्याच जणांचं मत आहे आणि मलाही ते पटतं.

तुमच्या स्लाइडवरचा तो एका कडेचा गोळा बहुतेक याच सुमाराचा आहे. झायगोटीनच्या आसपास अनेक वनस्पतींत क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि त्याच्याबरोबरची प्रथिनं, असं एका बाजूला गोळा झालेलं दिसतं. त्यातला काही भाग खरा असतो आणि काही फिक्सेटिव्हने (पेशी आहे तशी टिकवणाऱ्या द्रावणाने) आक्रसल्यामुळे होतो. नक्की किती कशामुळे, हे झाडावर आणि फिक्सेटिव्हवर अवलंबून आहे. एवढं खरं की तो गोळा म्हणजे वाया गेलेली पेशी नव्हे. मात्र सगळ्याच झाडांत बुके एकसारखा नसतो. मका, गहू, राय यांत तो ठसठशीत असतो. अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लहानशा झाडात मात्र टेलोमिअर केंद्रिकेभोवती (केंद्रकातल्या गोल गडद भागाभोवती) जमतात, आवरणापाशी तसा देखणा बुके होत नाही.

पण टोकं जवळ आली म्हणजे ओळख पटली असं नव्हे. दहा वेगवेगळ्या गुणसूत्रांची टोकं एकाच जागी असतील तर त्यातलं आपलं कोणतं? इथे पेशी जे करते ते ऐकून विद्यार्थी दरवेळी चमकतात. ती स्वतःचाच डीएनए तोडते. एसपीओ11 नावाचं प्रथिन ठिकठिकाणी दोन्ही धागे कापतं. अॅराबिडॉप्सिसच्या एका पेशीत असे दीडशे ते अडीचशे काप होतात. कापलेली टोकं कुरतडली जाऊन एकेरी धाग्याची शेपटी उरते. तिच्यावर आरएडी51 आणि डीएमसी1 ही प्रथिनं चढतात, आणि ही शेपटी शेजारच्या दुहेरी डीएनएमध्ये शिरून क्रम जुळतो का ते पाहते. जुळला नाही तर बाहेर येते आणि दुसरीकडे बघते. पुस्तकातलं 'आकर्षण' ते हेच. लांबून ओढणारा चुंबक वगैरे त्यात काही नाही. बेसचा क्रम जुळतो की नाही, याची शेकडो ठिकाणी एकाच वेळी चाललेली चाचपणी आहे.

याला पुरावा काय, असं तुम्ही विचाराल. ज्या अॅराबिडॉप्सिसमध्ये एसपीओ11 निकामी आहे, त्यात काप होत नाहीत आणि गुणसूत्रांची जुळणीही होत नाही. मेटाफेजला, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर यायच्या वेळी, सगळी सुटी सुटी पडलेली दिसतात. गंमत अशी की फळमाशीत काप नसले तरी जुळणी होते. म्हणून प्राण्यांवरची माहिती वनस्पतींना जशीच्या तशी लावू नका. प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत ही सरमिसळ मी फार पाहिली आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते, जी आकृतीत कधीच दिसत नाही. अख्खं गुणसूत्र अख्ख्या गुणसूत्राला ओळखत नाही. तुकडा तुकड्याला ओळखतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ऱ्हिओ घ्या. पानं वरून हिरवी, खालून जांभळी, आणि होडीसारख्या कोषात पांढरी फुलं. सांगली-साताऱ्यात अर्ध्याअधिक बंगल्यांच्या कुंपणाला आणि कॉलेजच्या बागेत हे झाड असतं. याची गुणसूत्रं 12. पण पहिल्या मेटाफेजला 6 जोड्यांऐवजी बाराही गुणसूत्रांचं एक मोठं कडं किंवा साखळी दिसते. कारण त्याच्या पूर्वजांत गुणसूत्रांच्या बाह्यांची आपसांत अदलाबदल झालेली आहे. एका गुणसूत्राची डावी बाही एका शेजाऱ्याशी जुळते आणि उजवी दुसऱ्याशी. प्रत्येक बाही आपला जुळणारा भाग शोधते आणि त्यातून कडं तयार होतं. 'एकाला एकच जोडीदार' ही कल्पना या एका स्लाइडने कायमची निघून जाते. फुलं जवळजवळ वर्षभर मिळतात, हा आणखी एक फायदा.

शोधानंतर जुळणी. झायगोटीनमध्ये दोन समजातांच्या कण्यांमध्ये आडवी प्रथिनं बसायला लागतात, त्यातलं वनस्पतींमधलं मुख्य म्हणजे झेडवायपी1. पॅकिटीनपर्यंत हा सांधा टोकापासून टोकापर्यंत पूर्ण होतो. हाच सिनॅप्टोनीमल कॉम्प्लेक्स. इथे एक चुकीची समजूत पक्की बसलेली आहे की हा कॉम्प्लेक्स समजात गुणसूत्रंच निवडून जोडतो. तो निवड करत नाही. अगुणित झाडात, म्हणजे जिथे प्रत्येक गुणसूत्र एकेकच असतं तिथे, खरा जोडीदार कुणालाच नसतो. तरीही पॅकिटीनमध्ये भलत्याच गुणसूत्रांमध्ये काही लांबीपर्यंत असा सांधा झालेला दिसतो. मक्यात असमजात भाग असे जुळतात हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1930च्या दशकातच दाखवलं होतं. ओळख पटवण्याचं काम त्या आधीच्या चाचपणीचं आहे. कॉम्प्लेक्स फक्त पुढचं बांधकाम करतो.

आणि मग गाठ. इतक्या कापांपैकी फार थोड्यांचं रूपांतर क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे दोन समजातांच्या तुकड्यांच्या अदलाबदलीत, होतं; गाठ पडते ती तिथेच. अॅराबिडॉप्सिसमध्ये दीडशे-अडीचशे कापांतून एका पेशीत साधारण दहा क्रॉसओव्हर उरतात, जोड्या पाच. बाकीचे काप अदलाबदल न करता बुजवले जातात. ते फुकट गेले असं समजू नका, ओळख त्यांनीच पटवलेली असते. पेशी दोन पथ्यं पाळते: प्रत्येक जोडीला निदान एक क्रॉसओव्हर मिळावा, आणि दोन क्रॉसओव्हर एकमेकांच्या फार जवळ होऊ नयेत. क्रॉसओव्हर म्हणजे गुणसूत्रांच्या तुकड्यांची प्रत्यक्ष अदलाबदल, हे हॅरिएट क्रायटन आणि मॅक्लिंटॉक यांनी 1931 मध्ये मक्यात सिद्ध केलं.

डिप्लोटीनमध्ये सिनॅप्टोनीमल कॉम्प्लेक्स विरघळतो. आता समजात गुणसूत्रांना धरून ठेवणारं काय उरलं? फक्त कायझ्मा, आणि त्याच्या पलीकडे भगिनी क्रोमॅटिडना चिकटवून ठेवणारं कोहेसिन. ज्या जोडीत गाठ पडली नाही ती पॅकिटीनमध्ये कितीही सुंदर जुळलेली असली तरी आता सुटते. म्हणून मेटाफेजला दिसणारं एकटं गुणसूत्र, म्हणजे युनिव्हॅलंट, दोन अगदी वेगळ्या कारणांनी आलेलं असू शकतं. एक तर ते कधी जुळलंच नाही, किंवा जुळलं पण गाठ पडली नाही. पहिल्याला असिनॅप्सिस म्हणतात, दुसऱ्याला डेसिनॅप्सिस. फक्त मेटाफेज बघून यातलं कोणतं ते सांगता येत नाही. पॅकिटीन पाहावंच लागतं. माझ्या मते पदव्युत्तर प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त घाई इथेच होते. मेटाफेज मोजायला सोपा, म्हणून तेवढाच मोजला जातो आणि निष्कर्षात 'असिनॅप्सिस' ठोकून दिलेला असतो.

क्रम जुळला की काम झालं, असंही नाही, आणि याचं उत्तम उदाहरण आपल्या कृष्णाकाठच्या खपली गव्हात आहे. खपलीत 28 गुणसूत्रं, दोन वेगळ्या पूर्वजांचे ए आणि बी असे दोन संच. ए संचातलं पहिलं आणि बी संचातलं पहिलं गुणसूत्र चुलत भावंडं आहेत, क्रम खूपसा सारखा. तरी खपलीच्या पेशीत 14 जोड्या शिस्तीत पडतात, ए बरोबर ए, बी बरोबर बी. साध्या गव्हात तर तीन संच, 42 गुणसूत्रं, तरीही 21 जोड्या. ही शिस्त बऱ्याच अंशी 5बी, म्हणजे बी संचातल्या पाचव्या, गुणसूत्राच्या लांब बाहीवरच्या पीएच1 या जागेमुळे आहे. रायली आणि चॅपमन यांनी, आणि त्यांच्यापासून वेगळे सीअर्स आणि ओकामोतो यांनी, 1958 मध्ये हे दाखवलं. 5बी काढून टाकलं की चुलत गुणसूत्रंही गाठीत अडकतात. पुढे या जागेवर झिप4 या जनुकाची एक जादा प्रत सापडली, आणि पीएच1च्या परिणामाचा मोठा वाटा तिच्याकडे जातो. झिप4चा संबंध क्रॉसओव्हर घडवण्याशी आहे. म्हणजे जोडीदार निवडीची शिस्त नुसती शोधातच नाही, गाठ कुठे पडू द्यायची यातही आहे. जंगली गवतातले रोगप्रतिकारक गुण गव्हात आणायचे असतात तेव्हा पैदासकार मुद्दाम पीएच1 नसलेला गहू वापरतात.

आता हळदीकडे. हळदीत 63 गुणसूत्रं, 21 चा संच धरला तर तिनपट. प्रत्येक प्रकारची तीन गुणसूत्रं आणि तिघंही एकमेकांना ओळखण्याजोगी. चाचपणी तिघांतही चालते, पण कोणत्याही एका जागी जुळणी दोघांचीच होते. तिसरा तिथे बाहेर राहतो. मात्र थोडं पुढे गेल्यावर जोडीदार बदलू शकतो: डाव्या भागात पहिला-दुसरा, उजव्या भागात दुसरा-तिसरा. दोन्ही भागांत गाठ पडली तर मेटाफेजला तिघं एकत्र दिसतात, एकाच भागात पडली तर एक जोडी आणि एक सुटं. तुमच्या स्लाइडवर हेच आहे. शोध चालू, जुळणी चालू, गाठीही पडतायत. तिघांना दोन बाजूंना सारखं वाटता येत नाही, अडचण तेवढीच.

त्याचा परिणाम किती होतो, ते ढोबळ हिशेबाने बघा. प्रत्येक त्रिकुटातली दोन एका ध्रुवाकडे आणि एक दुसऱ्याकडे गेली, आणि कोण कुठे जाणार हे प्रत्येक त्रिकुटाचं स्वतंत्र आणि निव्वळ योगायोगाचं आहे असं धरलं, तर 21 च्या 21 त्रिकुटांतलं जादा गुणसूत्र एकाच बाजूला जाण्याची शक्यता 2 च्या 20 व्या घातात एक, म्हणजे दहा लाखांत साधारण एक. प्रत्यक्षात सुटी गुणसूत्रं मागे रेंगाळतात, हरवतात, त्यांची छोटी केंद्रकं होतात, म्हणजे हिशेब आणखी बिघडतो. हळदीत बी क्वचितच धरतं, त्याचं एक मोठं कारण हे. शेतकऱ्याचं यात काही अडत नाही, जेठे गड्डे बेण्याला ठेवले की झालं. अडतं ते पैदासकाराचं. संकर करायला वाव कमी, म्हणून कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राच्या 'कृष्णा'सारखे वाण निवड पद्धतीने आलेले आहेत.

जाता जाता: बी नसलं की विभाजन बिघडलं, असं सरसकट लिहू नका. तासगावच्या थॉमसन किंवा तास-ए-गणेश द्राक्षात बी नसतं, पण तिथे फलन होतं आणि नंतर वाढणारं बी मध्येच थांबतं. बिनबियांचं कलिंगड मात्र हळदीच्याच जातीचं प्रकरण, मुद्दाम केलेलं तिनपट.

तर प्रोजेक्टचं काय करायचं? वेळ किती उरलाय त्यावर ठरेल. हळद सोडू नका, पण आधी साधं झाड घेऊन डोळा तयार करा. लोणंद-फलटणकडे किंवा तुमच्या आसपास कुणाचा कांदा बियाण्याला असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत गोंडे मिळतील. एकाच गोंड्यात वेगवेगळ्या वयाच्या कळ्या असतात, त्यामुळे एका फेरीत बहुतेक सगळ्या अवस्था हाती येतात. परागकोश पिवळा झालेला असेल तर उशीर झाला, आत परागकण तयार आहेत. अर्धपारदर्शक, हिरवट-पांढरा हवा. कांद्याचं अर्धसूत्री विभाजन साधारण 96 तास चालतं, गव्हाचं 20 अंशाला 24 तासच. म्हणून कांद्यात पॅकिटीन पकडणं सोपं.

खपली घेणार असाल तर कणीस बाहेर पडायची वाट बघू नका, पीक पोटरीत (कणीस अजून पानाच्या आवरणात) असतानाच कणीस सोलून काढा. गव्हाच्या फुलात तीन परागकोश असतात आणि तिन्हींची अवस्था जवळजवळ एकच असते. एक चिरडून बघा, हवी ती अवस्था असेल तर उरलेले दोन चांगल्या स्लाइडसाठी. ही सोय निसर्गाने सायटोलॉजिस्टसाठीच केली असावी.

फिक्सेटिव्ह ताजंच करा, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अॅसिटिक अॅसिड. एक दिवस ठेवून मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजमध्ये. कार्माइनमध्ये लोखंडी सुईने चिरडलं तर रंग गडद चढतो. कव्हरस्लिप ठेवण्याआधी परागकोशाच्या भिंतीचे तुकडे चिकाटीने वेचून काढा, नाहीतर पेशी सपाट होत नाहीत आणि सगळीच गुणसूत्रं गोळा झाल्यासारखी दिसतात. उन्हाळ्यातले नमुने शक्यतो टाळा. गहू-सातूसारख्या थंडीच्या पिकांत उष्णता वाढली की क्रॉसओव्हरच्या जागा आणि संख्या बदलतात, सुटी गुणसूत्रं वाढतात, आणि मग दोष झाडाचा की हवेचा हे कळत नाही.

मोजताना जोड्यांचे आकारही नोंदवा. दोन्ही बाह्यांत गाठ असेल तर कडं, एकाच बाहीत असेल तर दांडी. नुसत्या '14 जोड्या' या आकड्यापेक्षा किती कडी आणि किती दांड्या हे जास्त बोलतं. हळदीत ट्रायव्हॅलंट (तिघं एकत्र), बायव्हॅलंट (जोडी) आणि युनिव्हॅलंट (सुटं) यांची प्रत्येक पेशीत वेगळी नोंद करा आणि बेरीज 63 येते का ते दरवेळी तपासा. येत नसेल तर ती पेशी मोजणीत धरू नका. ऊस आसपास भरपूर आहे म्हणून तिकडे वळू नका, शंभराच्या वर गुणसूत्रं असतात आणि पहिल्या प्रोजेक्टला ते झेपत नाही.

पुढचे फोटो इथे टाकाल तेव्हा झाड, कळीची लांबी, गोळा केल्याची वेळ आणि फिक्सेटिव्ह सोबत लिहा. शक्य असेल तर त्याच कळीतला पॅकिटीनचा एक फोटोही जोडा. नुसता मेटाफेज पाठवलात तर मी आधी तोच मागेन.